देवाची मूठ

दुःखानं माणूस देवाच्या जवळ जातो असं कुणी म्हणालं, की माझं टाळकं सटकतं. जातो बाबांनो, जातो. माझी मायसुद्धा गेली. पण ती कशी गेली हे न विचारताच माना डोलावणाऱ्यांचा मला लई राग येतो.

उमरग्याच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत आमचं गाव. गावाच्या कडेला ख्रिस्ती माणसांची चार घरं, त्यातलं एक आमचं. उपासना आमच्याच सपरात व्हायची. पाळकसाहेब उमरग्याहून सायकलीवर यायचे. आमच्यात एक रीत होती. बाई दळायला बसली की जात्यात दाण्यांची वैरण घालायच्या आधी एक मूठ ज्वारी देवाची म्हणून डब्यात टाकायची. पाळकसाहेब आले की ती त्यांच्या पिशवीत जायची. त्यांच्याही घरी खाणारी तोंडं होती, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा पाळकसाहेबांनी शास्त्रातल्या एका विधवेची गोष्ट सांगितली. तिच्याकडं शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं. तिनं आधी देवाच्या माणसाला भाकर करून घातली, मग स्वतःच्या लेकराला. आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरलंच नाही. मायनं ऐकलं आणि मनाशी खूणगाठ बांधली. घरातली सगळी पांढरी ज्वारी संपत आली तरी देवाची मूठ चुकली नाही. मग सोसायटीच्या दुकानातली, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आमच्या पोटात आणि उरलीसुरली पांढरी ज्वारी डब्यात, असं सुरू झालं. पाळकसाहेबांचं येणं लांबलं होतं, म्हणून डबा भरतच गेला.

माय-बाप दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. धाकटी बहीण माझ्या कडेवर. नुकतं बोलायला लागलेली, लई लाघवी. मला 'आक्का' म्हणायच्या ऐवजी नुसतं 'का' म्हणायची आणि सगळ्या बायांना हसवायची. मिलोची भाकर तिला पचेना. हगवण लागली. खडीच्या ट्रकमधून बापानं तिला उमरग्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, "औषध देतो, पण लाल ज्वारी बंद करा. पांढऱ्या ज्वारीची पातळ पेज द्या, मीठ घालून. नाहीतर पोरगी हाती लागायची नाही."

बाप घरी आला आणि मायला म्हणाला, "काढ ती डब्यातली."

"ती देवाची हाय."

"अगं, देव काय मरायला टेकलाय का?"

"असं बोलू नगा, पाया पडते तुमच्या. देवाचं घेतलं तर लेकरू हातचं जाईल. द्यायचं, मग बघा. त्या बाईचं पीठ सरलं व्हतं का?"

बाप तावातावानं उठला, डब्याच्या झाकणावर हात ठेवला आणि तसाच थांबला. एरवी देवाला शिव्या घालणारा माणूस, पण पोरीचा जीव टांगणीला लागलेला पाहून तोही भ्याला. हात मागं घेतला आणि पांढरी ज्वारी मागायला गावात गेला. गावात तरी कुणाकडं होती? सगळेच मिलोवर. रिकाम्या हातानं परत आला. माय बहिणीला मांडीवर घेऊन मिलोचीच पेज पाजत होती आणि प्रार्थना करत होती. अशी प्रार्थना मी पुन्हा कधी ऐकली नाही. भिंतीला पाझर फुटावा अशी. बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

जमीन इतकी कडक झाली होती, की बापानं खडीच्या कामावरची पहार आणून खड्डा घेतला.

निरोप गेला आणि पाळकसाहेब आले. सायकल दारात आडवी टाकून आत आले. त्यांनी शास्त्र उघडायच्या आधी मायनं डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या. एक दाणाबी काढला न्हाय."

त्यांनी झाकण उघडलं. ज्वारीत सोंडे वळवळत होते. हे धान्य कशाचं आणि ते डब्यात का राहिलं, ते बापानं सांगितलं. पाळकसाहेबांचा चेहरा पार उतरला. "बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं हो." मग त्यांनाच ते खरं वाटेना. "सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं," असं म्हणत ते खाली बसले आणि रडायला लागले. त्या दिवशी आमच्या घरात कुणीच प्रार्थना केली नाही.

मायनं ती ज्वारी उन्हात टाकली, पाखडली, दळली आणि पेज करून कामावर नेली. तिथं सावलीला निजवलेल्या लेकरांना वाटीनं पाजत सुटली. कुणाचं लेकरू, कुठल्या जातीचं, काही विचारलं नाही. कितीतरी दिवस तिच्या तोंडात देवाचं नाव नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी खूशही झाले, खरं सांगते.

पण पुढं ती परत उपासनेला बसायला लागली. पहिल्यासारखी नाही. मागणं बंद, नवस बंद. डोळे मिटून गप्प बसायची.

दुष्काळ सरल्यावर काही वर्षांनी एका रविवारी आमच्या सपरात मंडळी जमली होती. पाळकसाहेब शेवटची प्रार्थना करत होते. तेवढ्यात शेजारची ऊसतोडीला जाणारी बाई लेकराला घेऊन दारात उभी राहिली. लेकरू भुकेनं किरकिरत होतं. माय प्रार्थनेतून उठली आणि चुलीकडं निघाली. जातं, पीठ, काटवट, सगळा आवाज व्हायला लागला.

पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणाले, "बाई, आमेन तरी होऊ द्या."

"तुमी म्हणा आमेन," माय पीठ मळता मळता म्हणाली. "त्याला म्या कुठं हाय ते ठावं हाय."