एकाच पत्त्यावरचे चार अर्ज

“काय येतं ते आदी सांग. काय शिकलास ते मागनं बघू.”

समोरच्या मुलाला असं विचारताना काका चष्मा काढून हातात घ्यायचे. मुलगा गडबडायचा आणि हमखास म्हणायचा, “तसं काय येत न्हाई.” हे उत्तर त्यांच्या सवयीचं झालं होतं. मग ते त्याच्याशी घरच्या गप्पा सुरू करत, आणि अर्ध्या तासात त्याला बरंच काही येतं असं निघायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला एस.टी. स्टँडजवळ मी दोन कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं आणि एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. माझं गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातली पोरं. ती मित्राचा बायोडाटा घेऊन यायची आणि म्हणायची, ताई, फक्त नाव बदला. त्यामुळे सगळ्यांचे छंद वाचन आणि क्रिकेट असायचे. मीही मुकाट्याने नाव बदलून देत होते. धंदाच तो होता.

माझ्या दुकानात रोज येऊन बसणाऱ्या काकांना ते पटायचं नाही. पारनेरकडच्या एका मुलाने छंदात वाचन लिहिलं होतं. शेवटचं काय वाचलंस, असं त्यांनी विचारलं, तर मुलगा लाजून हसला. मग कळलं की तो दरवर्षी हंगामात बाजारात कांद्याच्या गाड्या भरून देतो, गोण्या मोजतो, कुणाचा माल कुठे गेला ते वहीत टिपतो. त्यांनी वाचन खोडलं आणि मला सांगितलं, “ताई, लिहा. माल मोजून घेणं, नोंद ठेवणं. हे तर स्टोअरचं काम झालं.” मुलगा स्वतःच्याच बायोडाटाकडे परक्याच्या कागदाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

स्टोअरचं काम त्यांना चांगलं माहीत होतं. एका कारखान्यात बावीस वर्षं ते स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला, आणि वर्षभर ते माझ्याकडे येत होते ते स्वतःसाठी नोकरी शोधायला. पोरांचं काम हे मधल्या वेळातलं. घरात नवरा-बायको दोघंच. मुलगी नाशिकला दिलेली, जावई चांगला. तो बोलवत होता. पण मुलीच्या घरी जाऊन राहायचं नाही, एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी नोकरी हवी होती.

त्यांचा स्वतःचा बायोडाटा मीच टाईप केला होता. त्यात जन्मतारीख नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, “जागा पुरली न्हाई.” खाली अर्धं पान कोरं होतं. मी तो तसाच छापून दिला. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने तारीख लपवली तर त्याला कोण काय म्हणणार?

पोरांना ई-मेलचा पत्ता नव्हता. गावात फोनही नव्हते. म्हणून सगळे अर्ज काकांच्या पत्त्यावरून जायचे. उत्तर आलं की ते चिठ्ठी लिहून त्या गावच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचे. आमची ही सोय बिनबोभाट चालली होती. तिच्यातली खोट सुप्याच्या एका कारखान्याने दाखवून दिली.

त्या कारखान्यात स्टोअर असिस्टंटची एक जागा निघाली होती. तिच्यासाठी आमच्याकडून चार अर्ज गेले होते. तीन पोरांचे, एक काकांचा. सोमवारी उत्तर आलं. ‘प्रिय उमेदवार, गुरुवारी दहा वाजता मुलाखतीस यावे.’ वर नाव नव्हतं. पण ज्या अर्जाला उत्तर दिलेलं असतं तो अर्ज त्याच्या खाली तसाच चिकटून येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी खाली सरकले. अर्ज काकांचा होता.

त्यांनीही तो वाचला. मग म्हणाले, “वरचंच छापा. चार कागद काढा.”

मी वरचंच छापलं. खालचा अर्ज नसल्याने ते बोलावणं प्रत्येक पोराला आपलंच वाटणार होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तिन्ही पोरांना घेऊन सुप्याला गेले. शनिवारी तो कांद्याच्या गाड्या भरणारा मुलगा पेढे घेऊन आला. जागा त्याला मिळाली होती. काकांना काय विचारलं, असं मी म्हटलं.

“काका आत आलेच न्हाईत,” तो म्हणाला. “सायबानं बाहेर येऊन विचारलं, तुमीबी उमेदवार हाय का? तर म्हन्ले, मी पोरांना घेऊन आलोय.”

सोमवारी ते आले तेव्हा मी चांगलीच तडकले. वयाचा मान न ठेवता बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ताई, आत गेलो असतो तर तारीख विचारली असती. खरं सांगावं लागलं असतं. पोरं दाराशीच हुती. त्यांना मीच शिकवलंय की कागदावर काय लपवायचं न्हाई.”

तो चांगुलपणा होता की शरम, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

त्याच दिवशी त्यांनी बायोडाटा नवा करून घेतला. पहिल्या ओळीत जन्मतारीख. मी तो अकरा ठिकाणी पाठवला. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही.

दिवाळीआधी त्यांनी केडगावची राहती खोली सोडली आणि मुलीकडे निघाले. जाताना पासवर्ड एका कागदावर लिहून दिला, आणि पोरांची उत्तरं बघत जा म्हणाले. निरोप घ्यायला बायकोही आली होती. ती म्हणाली, जावई चांगला आहे. ते पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागले.

नाशिकहून दर रविवारी ते फोन करायचे. काही आलंय का, असं आधी विचारायचे. मी म्हणायचे, तुमचं नाही अजून.

“आन् पोरांचं?”

“दोन आलीत. सोनईच्याला पुण्याहून बोलावलंय.”

“मग झालं की,” ते म्हणायचे, आणि चिठ्ठी कुठल्या गाडीने पाठवायची ते सांगायचे.

उन्हाळ्यात एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मुलीचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. त्यांच्या पत्त्यावर पोरांची उत्तरं येत राहिली. मी ती छापून कंडक्टरकडे देत राहिले, आणि प्रत्येक उत्तराच्या खाली सरकून अर्ज कुणाचा आहे ते आधी बघत राहिले.