विहिणीच्या वाडग्यातला मासा

कोरियातल्या बुसानच्या बाजारात सुकट विकणाऱ्या ओक्बुनने भाताचा वाडगा हातात उचलून जेवायचा सराव चालवला होता. शेजारच्या गाळ्यावरची युंजा पोट धरून हसायची.

"ताई, वाडगा घेतलाच आहेस हातात, तर दारोदार फिरून ये की!"

"हस बाई. आपल्याकडे उचलला तर भिकारी, जपानात खाली ठेवून वाकलं तर कुत्रं. पोरीच्या सासरी मला कुत्रं व्हायचं नाही."

पोर म्हणजे हेजू. नवऱ्यामागे ओक्बुनने एकटीने वाढवलेली. नोकरीसाठी समुद्रापलीकडे फुकुओकाला गेली आणि तिथल्या ताकुमाशी लग्न जमवून बसली. त्याची आई किमिएबाई मात्र अजून 'हो' म्हणाल्या नव्हत्या. आधी मुलीच्या आईला भेटू, एवढंच म्हणाल्या होत्या.

बोटीवरून उतरल्या उतरल्या हेजूने बजावलं, "आई, मोठ्याने बोलू नकोस. त्यांचं वय विचारू नकोस. आणि आग्रह तर अजिबात नको."

"मग मला कशाला बोलावलंस? फोटो पाठवला असता."

पण जेवायला बसल्यावर ओक्बुन शहाण्यासारखी वागली. वाडगा उचलला, आवाज गिळला. समोर किमिएबाई. सडपातळ, ताठ. दोन घास घेतले की जेवायच्या काड्या खाली ठेवायच्या. भाजलेला मासा त्यांच्या ताटलीत जसाच्या तसा होता.

ओक्बुनला राहवेना. तिने आपल्या माशाचे काटे सफाईने काढले, पोटाकडचा मऊ तुकडा काड्यांत धरला आणि सरळ विहिणीपुढे नेला.

"हाडं दिसतायत हो तुमची! खा."

"आई म्हणते, मासा फार छान झालाय," हेजूने घाईघाईने जपानीत सांगितलं.

पाहुणीचा हात समोर आलेला. किमिएबाईंच्या काड्या आपसूक वर आल्या आणि मध्येच थबकल्या. ताकुमाचा चेहरा उतरला. तिथे एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत काही दिलं जातं ते फक्त दहनानंतर, अस्थी उचलताना.

"आई, मागे घे!" हेजू कुजबुजली.

"दिलेला घास मागे घेऊ?"

तुकडा हवेतच. त्यातून रस ठिबकायला लागला. तेवढ्यात किमिएबाईंनी काड्या खाली ठेवल्या, डाव्या हातातला वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि मासा अलगद भातावर उतरला.

त्यांनी तो खाल्ला. सगळा. मग हेजूकडे बघून हळूच काही म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" ओक्बुनने विचारलं.

हेजूला आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. "म्हणतायत, लहानपणानंतर कुणी काटे काढून दिले नव्हते. लग्नानंतर तुला वरचेवर यावं लागेल."

"लग्नानंतर म्हणाल्या? नीट ऐकलंस ना?"

"आई, आवाज!"

"राहू दे गं आता आवाज," म्हणत ओक्बुनने आपला वाडगा टेबलावर ठेवला, दुखरं मनगट चोळलं आणि विहिणीच्या ताटलीतला अख्खा मासा काटे काढायला स्वतःकडे ओढला.