उत्क्रांतीच्या पोस्टरवर दहा अवतार

भाचीने पोस्टर माझ्यासमोर धरलं तेव्हा मी आधी रंगांचं कौतुक करून मोकळी झाले. मग नीट बघितलं. खालच्या कोपऱ्यात निळा मासा. त्याच्यापासून बाण कासवाकडे. कासवाकडून रानडुकराकडे, तिथून अर्ध्या सिंहाकडे, मग बुटका माणूस, मग कुऱ्हाडवाला. वर ठसठशीत अक्षरांत शीर्षक, सजीव कसे बदलत गेले. सहावीचा विज्ञानाचा प्रकल्प होता तो.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"काकूंनी. स्क्रिप्चरच्या. इट्स इव्होल्यूशन, मावशी! आपल्या लोकांना आधीच माहीत होतं."

बाणांच्या मागे मागे माझं बोट गेलं. आठव्यापासून निघालेला बाण नवव्यावर टेकत होता, आणि तिथे मांडी घालून, डोळे मिटून बुद्ध बसलेला होता. त्याच्या पुढे दहावा, घोड्यावर.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीने देव्हारे उचलून घराबाहेर नेले, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानणार नाही असं उभं राहून, मोठ्याने सांगितलं. लहानपणी आम्हा दोघी बहिणींना हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आमचे बाबा पत्रकं छापून आणायचे आणि आम्ही जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. आणि त्या बाबांची नात सिडनीच्या सरकारी शाळेसाठी बुद्धाकडे बाण काढत होती. चांगला जाड, लाल बाण.

तेव्हा लॉकडाऊन होता. मी वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत शिकत होते, पण वर्ग ऑनलाइन गेले आणि मी हॅरिस पार्कला ताईच्या फ्लॅटवर येऊन राहिले. भाऊजी त्यांच्या वडिलांच्या आजारपणासाठी नागपूरला गेले ते सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. ताई एका टेबलावर ऑफिस चालवायची, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाचीची शाळा चालायची, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लेक्चर ऐकायचे. लॉकडाऊनवर नजर ठेवणारं पोलिसांचं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की तिघी एकदम म्यूट.

इथल्या सरकारी शाळांत आठवड्यातून अर्धा तास धर्माचा असतो, त्यालाच स्क्रिप्चर म्हणतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नाही. पोरांची धर्माप्रमाणे वाटणी होते. ख्रिश्चन या वर्गात, मुसलमान त्या वर्गात, हिंदू तिसऱ्या वर्गात, आणि बाहेरचे स्वयंसेवक येऊन शिकवतात. काय शिकवतात ते शाळा विचारत नाही. युनिव्हर्सिटीत याविरुद्ध पत्रकं वाटणारा एक गट होता. मी पहिल्याच आठवड्यात त्यात गेले. स्टेशनबाहेर उभी राहून गोऱ्या आयांच्या हातात पत्रक कोंबायचे, तुमच्या पाल्याला या तासातून काढा म्हणून. आणि माझी सख्खी भाची त्याच तासाला बसत होती. आता तर झूमवर, घरच्या टेबलावरून.

पोस्टरच्या फोटोवर वर्गाच्या बाईंचा ऑनलाइन शेरा आला होता. सोनेरी तारा, आणि तुझी संस्कृती तू किती सुंदर जोडली आहेस, शाळा उघडली की आपण हे वर्गाच्या भिंतीवर लावू. एखाद्या गोऱ्या पोराने बायबलमधल्यासारखी बरगडीपासून बाई झाली असा बाण काढला असता तर या बाईंनी दुसऱ्या दिवशी आईबापांना फोन लावला असता. आमच्या पोरीने मासा आणि सिंह जोडला तर ती संस्कृती. म्हणजे आमचं चूक ठरवण्याइतकीही आमची किंमत नाही. गोड बोलून काम वाचवायचं. मला तो तारा स्क्रीनवरून खरवडून काढावासा वाटत होता.

"तू हिला हिंदूंच्या तासाला घातलंस?" मी ताईला विचारलं.

"हळू. मीटिंगमध्ये आहे मी."

"ताई."

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. "सगळ्या मैत्रिणी तिथे आहेत तिच्या. अर्धा तास असतो आठवड्यातून. कविता म्हणतात, चित्रं काढतात."

"बुद्धाला नववा नंबर दिलाय त्यांनी."

"बघितलं मी."

"बाबांना सांगू?"

"सांग. आणि मग तूच राहा इथे कायमची." तिने हेडफोन परत लावला.

या भागातल्या मराठी लोकांत आम्ही बौद्ध आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईने कधी खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही. तिचं सासरचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. टीव्हीखाली बुद्धाची मूर्ती होती, पण ऑस्ट्रेलियात ती काय, प्रत्येक गोऱ्याच्या बागेत कुंड्यांच्या मधे असते. झूमवर तास घेणाऱ्या त्या काकू पूर्वी एकदा घरी आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "किती शांत वाटतं ना गं बघून! आम्हीपण केलीव्हिलच्या घरी घेणार आहोत एक, कारंज्याजवळ."

काकू आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत. केलीव्हिलला घर बांधायला घेतलं होतं, लॉकडाऊनमुळे ते विटांवर अडकलं होतं. पुण्याच्या, पूर्वी इंजिनिअर. बाई मदतीला पक्की. ताई एकटी पडलीय म्हणून दर दोन-चार दिवसांनी दाराशी डबा ठेवून मागे सरायच्या, मास्कमधूनच "गरम आहे हं" म्हणायच्या. पुरणपोळी, अळूवडी, एकदा बटाट्याची भाजी आणि चक्क तळलेल्या पुऱ्या. स्टीलचे डबे, पुण्याहून आणलेले, झाकणावर काकूंचं नाव घातलेलं. ताई डबा रिकामा परत द्यायची नाही. कधी रव्याचे लाडू, कधी नुसती साखर. मी खात होते आणि मनात म्हणत होते, डबा आणि दशावतार एकाच हातून येतायत, जपून.

पुढच्या गुरुवारी काकूंच्या तासाला मी मुद्दाम टेबलाशी बसले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. प्रार्थना झाली. मग काकू म्हणाल्या, "बाळांनो, आज प्रत्येकाने आपलं कुळदैवत सांगायचं. माहीत नसेल त्यांनी पळत जाऊन आईला विचारा!"

हा पाठ होता की शिरगणती? परदेशात, अकरा-बारा वर्षांच्या पोरांकडून? आडनावावरून कळत नाही ते देवावरून काढायचं, हे मी गावाकडे ऐकलं होतं. काकूंच्या मनात तसं नसेलही. तेव्हा मला ते असणारच असं वाटलं.

पोरं धावली. कुणी बालाजी सांगितलं, कुणी कुठली देवी. एका मुलाने "माय डॅड सेज गुगल इट" म्हणून सांगितलं. भाचीची पाळी आली. तिने स्क्रीनच्या वरून ताईकडे बघितलं. ताई कुजबुजली, "सांग, खंडोबा."

"हू इज खंडोबा?" भाचीने विचारलं. माइक चालू.

सगळी पोरं हसली. काकूही हसल्या. "अगं, आपलं कुळदैवत माहीत नाही? मावशी आलीय ना राहायला? मावशी सांगेल बघ."

ताई माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको म्हणून. मी खुर्ची सरकवून कॅमेऱ्यात गेले.

"आमच्यात कुळदैवत नसतं, काकू. आम्ही बौद्ध आहोत."

काकूंचा चेहरा तसाच राहिला. नेट अडकलंय असं वाटावं इतका वेळ. मग त्या म्हणाल्या, "अय्या, हो का? मग छानच की! बुद्ध तर आपलाच. नववा अवतार!"

"नाही. आणि मासा, कासव, डुक्कर ही उत्क्रांतीसुद्धा नाही. तिचं विज्ञानाचं पोस्टर बघा एकदा."

"अगं, मुलांसमोर नको ना. श्रद्धेचा विषय आहे."

"श्रद्धेचा आहे तर विज्ञानात कसा आला?"

"मी थोडीच काढायला सांगितलं पोस्टरवर! मी आपली गंमत म्हणून सांगते, मुलांना अभिमान वाटावा आपल्या..."

"वेट," भाची मधेच म्हणाली. ती मनापासून विचारात पडली होती. "सो आफ्टर बुद्धा वी टर्न इनटू अ गाय ऑन अ हॉर्स?"

"ऑर जस्ट द हॉर्स," गुगलवाला मुलगा म्हणाला. मग घोड्याच्या खिंकाळण्याचे आवाज सुरू झाले, आठ चौकटींतून. काकूंनी नेट बिघडलंय असं सांगून तास संपवला.

ताई ओरडली नाही. तिने लॅपटॉप मिटला. "झालं समाधान?"

"तू तिला खोटं बोलायला शिकवत होतीस."

"हो. तू पत्रक देतेस, लोक घेतात, पुढे जातात. तूही जातेस. लॉकडाऊन उठला की वॉलॉंगॉंग. मला यांच्याबरोबर याच रस्त्यावर उभं राहायचंय." ती भांडी घासायला गेली. पाठमोरीच म्हणाली, "आणि तुला वाटतं मला काही कळत नाही?"

काही दिवस डबा आलाच नाही. मग आला, प्लास्टिकच्या टेकअवेच्या भांड्यात. व्हॉट्सअॅपवर निरोप, परत करू नकोस गं, कोविड आहे ना.

"कोविड मागच्या महिन्यात नव्हता?" मी म्हटलं.

"नियम कडक झालेत."

"आधी स्टील, आता प्लास्टिक."

"सगळेच काळजी घेतायत," ताई म्हणाली, पण भाजी तिने गरम केली नाही, तशीच ताटात वाढली.

खरी पंचाईत ही होती की कळायला मार्गच नव्हता. सगळी दुनिया दीड मीटर लांब उभी होती. सगळेच दाराशी वस्तू ठेवून मागे सरत होते, हात लावल्यावर हात धूत होते. त्या गर्दीत एखादी बाई दुसऱ्याच कारणाने मागे सरली तर ओळखायचं कसं? दोन बिल्डिंगांमधल्या बोळात काकू भेटल्या तर त्या भिंतीला चिकटायच्या. तशा त्या आधीही चिकटायच्याच. की कमी? मी आठवून आठवून बघत होते. मास्कवर फक्त डोळे, आणि डोळे हसरेच.

काकूंचा एक स्टीलचा डबा आमच्याकडे राहिला होता. एका दुपारी ताईने त्यात बेसनाचे लाडू भरले आणि निघाली. मी मागे गेले, बिल्डिंगच्या खाली थांबले. काकूंचं दार पहिल्याच मजल्यावर, उघड्या जिन्याच्या तोंडाशी, सगळं दिसत होतं. जाळीचं दार त्यांनी उघडलं नाही.

"अगं, कशाला त्रास घेतलास!"

"डबा राहिला होता तुमचा."

"राहू दे गं. तुझ्याकडेच ठेव तो."

"नाव आहे तुमचं त्याच्यावर."

"असू दे. वापर तू."

ज्यांच्या घरात भांड्यांवर नावं घातलेली असतात त्यांना मी काही समजावून सांगायला नको. लग्नाच्या जेवणावळीत गेलेली वाटी बायका पुढची दहा वर्षं शोधतात. पुण्याहून वजनाच्या हिशेबात बसवून आणलेला, नाव घातलेला डबा कुणी "वापर तू" म्हणून सोडत नाही. ताई लाडवांसकट डबा घेऊन खाली आली. अजूनही मी शपथेवर सांगू शकणार नाही की ते कोविडमुळे नव्हतं. ताई सांगू शकते. तिने नंतर एवढंच म्हटलं, "आवाज ऐकलास ना तिचा?"

शाळा उघडली, पोस्टर वर्गाच्या भिंतीवर लागलं, पण पालकांना अजून फाटकाच्या आत सोडत नव्हते. बाई कुंपणाच्या आत, आम्ही बाहेर, मधे हिरव्या जाळीतून झुडपं आलेली. माझ्या पिशवीत आमच्या गटाची पत्रकं होती आणि बोलायचं काय ते मी चालत येताना ठरवलं होतं. ताईने मला तोंड उघडू दिलं नाही.

"ती त्या धर्माच्या तासाला जाणार नाही," तिने इंग्रजीत सांगितलं.

"नो वरीज," बाई म्हणाल्या. "मग कुठल्या तासाला घालू? बुद्धिस्ट आपल्याकडे नाहीये, पण..."

"कुठल्याच नाही. आणि ते पोस्टर भिंतीवरून काढा."

बाईंचा चेहरा पडला. "पण सगळ्यांना ते खूप आवडलंय! तिची संस्कृती आहे ती."

"तो तिचा गृहपाठ आहे," ताई म्हणाली. "आणि तो चुकलाय. चुकलाय असं लिहा त्याच्यावर."

बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी समजूतदार असेन. भाची दोघींच्या मधे, फाटकाच्या पट्टीला धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. "आय गॉट अ स्टार फॉर दॅट," ती म्हणाली आणि दप्तर ओढत आत निघून गेली.

पोस्टर संध्याकाळी गुंडाळून घरी आलं. शेरा वगैरे काही नव्हता. पुढच्या गुरुवारी ती शाळेतून आली ती थेट आतल्या खोलीत. जेवताना ताईने विचारलं, "त्या अर्ध्या तासात काय केलंस?"

"लायब्ररीत बसले."

"एकटी?"

"एक मुलगा होता. ही वॉज असलीप." तिने पोळीचे बारीक बारीक तुकडे केले. "त्या सगळ्या विचारत होत्या, तू का येत नाहीस म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"आय सेड, आस्क माय मम."

ताईने तिच्या ताटात भाजी वाढली. "बरं केलंस. येऊ देत विचारायला. सांगेन मी."

मी वॉलॉंगॉंगला परतले त्याला आता बरेच महिने झाले. दर रविवारी फोनवर मी ताईला विचारते. आजवर एकही बाई विचारायला आलेली नाही.