भावासाठी निवडलेल्या कॅसेट

माझ्या धाकट्या भावाची शोकसभा करडीला, गावातल्या शाळेच्या पटांगणात झाली. घरातला वडीलधारा म्हणून शेवटी मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "त्याचा गळा फार चांगला होता. तरुणपणी तो दंडारीत गायचा. पुढे मी आणून दिलेलं शास्त्रीय गाणं त्याने ऐकलं, खरं गाणं काय असतं ते त्याला कळलं, आणि त्याने आपणहून गाणं थांबवलं. इतका नम्र माणूस मी दुसरा पाहिला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. भावाची मुलगी पदराने डोळे पुसत होती. सभा संपल्यावर दोघातिघांनी माझा हात धरून, छान बोललात, असं सांगितलं.

त्याने आपणहून गाणं थांबवलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. सभेला आलेल्यांपैकी जे हे वाचतील, त्यांना आता तरी खरं कळावं.

ही पुतणी लाखनीला शिक्षिका आहे. वडिलांची पहिली पुण्यतिथी जवळ आली तेव्हा ती भंडाऱ्याला माझ्याकडे आली. तिने घरी तबकड्या वाजवायचं नवं यंत्र घेतलं होतं.

"मोबाइलवर सगळं फुकट मिळते, मोठेबाबा," ती म्हणाली. "पण बाबाच्या नावानं घरात हाती धरता येईल असं काही पाहिजे. त्याईले कोणकोणतं गाणं आवडे, ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तेच घेतो."

तिने माझ्याकडे येणं साहजिक होतं. भंडाऱ्यात गाण्याची आवड असलेली मंडळी वर्षानुवर्षं मला विचारूनच रेकॉर्ड, कॅसेट, पुढे सीडी घेत आली. यमन कुणाचा घ्यावा, तोडी कुणाची ऐकावी, कोणतं ध्वनिमुद्रण म्हातारपणचं म्हणून टाळावं, हे मी बसल्या बसल्या सांगत असे. लोक वहीत उतरवून घेत. पुतणीनेही पर्समधून पेन काढलं.

मी तिला म्हणालो, "चहा घे, मग सांगतो." चहा झाला तरी मला एकही नाव सांगता आलं नाही. भावाला कोणतं गाणं आवडत होतं हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत नोकरीला होतो. भाऊ करडीला धानाची शेती करायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाहुण्यांना आमंत्रणं जातात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि दुपारी दंडार, म्हणजे गाण्यानाचण्याचं आमचं लोकनाट्य, उभी राहते. आमच्या गावच्या दंडारीत सुरुवातीचा गण आणि मधली पदं माझा भाऊ गायचा. पेटीवर काळी चार धरायचा. ही पट्टी पुरुषाच्या गळ्याला बरीच उंच, पण तो तिथे सहज उभा राहायचा. दंडारीला तेव्हा भोंगा नसे. बैलबंडीवर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत त्याचा शब्द पोचायचा.

एका वर्षी मी आमच्या साहेबांना मंडईला बोलावलं. ते पुण्याकडचे, घरी सतार वाजवणारे. भावाचा गण झाल्यावर ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुमचे बंधू गातात की तळ्यापलीकडच्या माणसाला हाक मारतात?"

मी हसलो. त्यांच्यापेक्षा जास्तच हसलो.

त्या हिवाळ्यात भाऊ कामासाठी भंडाऱ्याला आला. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, त्यावर गाणं लावलेलं होतं. तो उंबऱ्यापाशी बसून राहिला. बाजू संपली तरी उठला नाही. मग म्हणाला, "दादा, मलेही एखादी टेप आनून दे. ऐकून ऐकून काही शिकीन. पन माझ्या पट्टीतला गानारा पाह्य. काळी चारच्या खाली माझा जीव घाबरा होते."

"आधी ऐकायला शीक," मी म्हणालो. "पट्टीचं नंतर पाहू."

"तसं नाही ना. गळ्याले घालता आलं पाहिजे. नुसतं ऐकून काय करू? धान कापतानी मी का वा वा करत फिरू?"

पुढच्या महिन्यात मी नागपूरला गेलो. सीताबर्डीवर एक कॅसेटचं दुकान होतं. त्या दुकानदाराकडे माझं नेहमीचं जाणं होतं, म्हणून तो मला हव्या त्या कॅसेट वाजवून पाहू द्यायचा. मी दोन गायक ऐकले. एकाचा आवाज भारदस्त, खर्जातून हळूहळू वर येणारा. दुसऱ्याचा उंच, मोकळा, थेट. नाटकात गाऊन आलेला असावा. त्या दुसऱ्याने पहिली तान घेतली आणि मी चमकलो. एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या गळ्यात मला माझा भाऊ ऐकू आला. तसंच स्वराला तोंड वर करून भिडणं, शब्द तसाच शेवटपर्यंत फेकणं.

मी बटण दाबून कॅसेट बंद केली. दुकानदाराने विचारलं, "काहून साहेब, खराब आहे काय?"

"नाही. हे जरा नाटकी वाटतं."

आनंद व्हायला हवा होता. माझ्या भावाचा गळा कुठल्या जातीचा आहे हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. पण मला त्या क्षणी साहेबांचं हसणं आठवलं. भाऊ आहे तसाच आणखी पक्का झाला असता, तर मला नको होता. मला साहेबांना दाखवता येईल असा भाऊ पाहिजे होता. मी खर्जातल्या गायकाच्या कॅसेट घेतल्या आणि करडीला नेऊन दिल्या. त्याला म्हणालो, "उत्तम गाणं म्हणजे हे. आवाज असा खालून उचलायचा. उंच ओरडण्यात काही नाही."

त्याने कॅसेट दोन्ही हातांनी घेतल्या. पट्टीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मी मोठा होतो, शिकलेला होतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

वर्षभर तो ते गावातल्या एकाच्या टेपरेकॉर्डरवर ऐकत होता. मी गावी गेलो की त्याची बायको म्हणायची, "तुमचे भाऊ आताशा पानी भरल्या हंड्यावानी बोलतात. डुबुक डुबुक." आम्ही सगळे हसायचो, तोही हसायचा.

पुढची मंडई आली. साहेब याही वर्षी आले होते. भाऊ गणाला उभा राहिला आणि पेटीवाल्याला त्याने खालची पट्टी धरायला सांगितलं. पेटीवाल्याने दोनदा विचारलं. मग गण सुरू झाला. भाऊ डोळे मिटून खालून आवाज उचलत होता. मागे साथीला जे गायचे त्यांना एवढं खाली जाता येईना. कुणी वरच्या सुरात, कुणी नुसतं तोंड हलवत. ढोलकीवाला भराभर पुढे निघाला. मागच्या बैलबंड्यांवरून कुणी ओरडलं, "आइकू नाही येऊन राहिलं गा!" दुसरा म्हणाला, "आवाज बोडीच्या पान्यात पडला वाटते. दोर टाका, काढा त्याले!" सगळा जमाव हसला. बायकाही हसल्या. आमचं गाव टिंगलीत कुणाला सोडत नाही.

भावाने डोळे उघडले आणि गर्दीत मला शोधलं. मला ते दिसलं. मी साहेबांना म्हणालो, "चला, जेवण तयार असेल," आणि उठून चालू लागलो. आमची पाठ त्याला दिसली असणार.

संध्याकाळी साहेबांच्या पानात भात वाढायला तोच होता. साहेब गेल्यावर त्याने शेल्यात गुंडाळलेल्या कॅसेट माझ्यापुढे ठेवल्या. "घेऊन जा, दादा. इथं धुळीनं खराब होतीन. मोठ्या मानसाचा गळा आहे तो. मले नाही जमला."

मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं, निवड माझी चुकली, तू तुझ्या पट्टीत गा. मी म्हणालो, "रियाज लागतो रे." आणि कॅसेट पिशवीत टाकल्या. भंडाऱ्याला आणून पुढे कितीतरी वर्षं मी त्या ऐकल्या, लोकांना ऐकवल्या, घ्या म्हणून सांगितल्या.

पुढच्या वर्षी दंडारवाले त्याला बोलवायला आले तेव्हा त्याने घसा खराब आहे असं सांगितलं. त्यानंतर घसा खराबच राहिला. घरच्यांनी तंबाखूचा खर्रा खाऊन घसा गेला असं म्हटलं, मीही तेच म्हटलं. पुतणीचा जन्म त्यानंतरचा.

हे सगळं मी तिला सांगितलं. सांगताना मी भिंतीकडे पाहत होतो. पेन तिच्या हातात तसंच होतं.

ती म्हणाली, "मी बाबाले कधी गाताना नाही आइकलं. अंगाई नाही, आरती नाही. मले वाटे त्याईले येतच नसन."

"त्याला फार छान येत होतं."

"कसा होता आवाज?"

शेकडो गायकांचे आवाज मी लोकांना वर्णन करून सांगितले आहेत. मी म्हणालो, उंच होता, मोकळा होता. मग दाणेदार म्हणालो, मग तेजस्वी म्हणालो, आणि थांबलो. ते सगळे शब्द माझे दुसऱ्या कुणाकुणासाठी वापरून झाले होते. तिला त्यातून काहीच मिळत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमच्यापाशी तर टेप होता, मोठेबाबा. बाबाचा आवाज काहून नाही भरला?"

मी खरं ते सांगितलं. कोरी कॅसेट त्यासाठी घालवावी असं मला कधी वाटलं नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. "मंग आता तुम्ही काही निवडू नका," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्या पाया पडली, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली आणि बसस्टँडकडे गेली.

पुण्यतिथीला मी करडीला गेलो. तिने नमस्कार केला, पाट मांडला, सगळं रीतीने केलं. गाण्याचा विषय निघाला नाही. भावाच्या फोटोजवळ कसलंच गाणं लावलेलं नव्हतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. दंडारीत बाबाच्या मागे साथीला उभं राहणाऱ्यांपैकी कोणी आहे का, याचा शोध ती करडीत घेत होती. एक म्हातारा सापडला होता. तो कोण, हे मला सांगता येणार नाही, असं मी म्हणालो. मागे गाणाऱ्यांची नावं मी कधी विचारली नव्हती. ती म्हणाली, माहीत आहे.

म्हाताऱ्याला दमा आहे. तिने त्याला तो गण म्हणायला लावला आणि फोनमध्ये भरून घेतला. वर जाताना त्याला खोकला येत होता, दर वेळी तो अर्ध्यावर थांबत होता. पेटी कुणीतरी शेजारून आणली होती. ती त्याला म्हणाली, "आबाजी, खालच्या पट्टीत म्हना ना, तरास होऊन राहिला तुमाले."

"तर म्हनते कसा," ती मला सांगत होती, "म्हनते, तुह्या बापाची पट्टी आहे ते पोरी, मी खाली कशी घेऊ? अन् पुन्हा तिथूनच धरला त्यानं."

"पूर्ण झाला का?" मी विचारलं.

"अर्धाच झाला," ती म्हणाली. "तुमाले पाठवू काय?"

मी पाठव म्हणालो. अजून तिने पाठवलेलं नाही. मी आठवण करून दिलेली नाही.