पेडलींच्या अंगणातलं जेवण

मर्ल मावशीने इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी धुतल्या. मकाय गावातल्या आम्हा बेटकऱ्यांत, म्हणजे बेटांवरून उसाच्या मळ्यांत आणलेल्या मजुरांच्या वंशजांत, तिच्याइतकं स्वच्छ घर कुणाचं नव्हतं.

तिच्या आजोबांना चौदाव्या वर्षी टान्ना बेटावरून फसवून जहाजात घातलं आणि पेडली नावाच्या गोऱ्या मळेवाल्यांच्या उसात आणून सोडलं. त्यांचा थोरला भाऊ त्या उसातच मेला. तो आणि आणखी दहा जण पेडलींच्या दोन आंब्यांखाली पुरलेत. दगड नाही, नावं नाहीत. मावशीचं मागणं एवढंच होतं: त्या अर्ध्या एकराला कुंपण घाला, तिथे नांगर नको.

मळ्याचा आताचा मालक ग्रँट पेडली, त्याचं उत्तर ठरलेलं. "पणजोबांनी केलं ते. मी होतो का तेव्हा?"

मावशीला हे समजायचंच नाही. तिच्या पणजोबाने टान्नावर शेजारगावचा एक माणूस मारला होता. पन्नाशीत रजा साठवून ती तिथे गेली. डुक्कर घेतलं, चटया घेतल्या, अनोळखी लोकांपुढे मान खाली घालून बसली.

"तू कुठे मारलं होतंस गं?" मी विचारलं होतं.

"मी नाही. पण त्याची बाग आमच्याच घरात आली ना? मग मान कुणी खाली घालायची, डुकराने?"

आमची रीत अशी आहे. अन्याय करणाऱ्याच्या नातवंडांनी चटई आणि डुक्कर घेऊन यायचं. समोरच्याने चटई घेतली, सोबत जेवला, की मिटलं. पुन्हा त्याचा शब्द काढायचा नाही.

गेल्या मार्चमध्ये ग्रँटने आम्हाला शेतावर बोलावलं. अंगणात चटया, भाजलेलं डुक्कर. तो गुडघ्यांवर बसला, मान खाली. मावशी रडली. चटई उराशी धरून पोटभर जेवली. मान खाली घालणारा मागणं मान्य करूनच येतो, हे ती धरून चालली होती. बेटावर तसंच असतं.

हात पुसत ती म्हणाली, "मग कुंपण कधी घालतोस, बाळा?"

"कुंपण कसलं?" ग्रँट हसला. "जेवलात ना, मावशी? तुमच्याच रीतीने विषय संपला. मी नीट चौकशी केलीय. सोमवारी नांगर येतोय."

त्याच्या बायकोने ताट पुढे केलं. "घ्या की अजून. बरंच उरलंय."

मावशी उठली. टेबलाशी उभी राहिली आणि दोन बोटं घशात घातली. सगळं पांढऱ्या कापडावर आलं. तिने तोंड पुसलं.

"आता मी जेवलेली नाही. बोल. कुंपण कधी?"

"शी! काय ही माणसं!" ग्रँटची बायको म्हणाली आणि पाण्याची नळी आणायला धावली. मावशीने चटई त्याच्या पायरीवर टाकली.

सोमवारी ट्रॅक्टर आला तेव्हा ती दोन आंब्यांच्या मधे जमिनीवर बसली होती. मी शेजारी उभी होते. चालकाने इंजिन बंद केलं, फोन लावला.

"मालक, इथे एक म्हातारी बसलीय. काय करू?"

ग्रँटचा आवाज मलाही ऐकू आला.

"तिच्या भोवतीने नांगर."

त्याने तसंच केलं. फाळाबरोबर काय वर आलं, ते मला बघवलं नाही. मावशी बघत राहिली.