सडक्या कोबीचा पंचनामा

तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. सरकारी दवाखान्यात तिनं एकतीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, पण नाकाला पदर कधी लावला नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या दीड एकरात तिनं कोबी लावला. विमा उतरवायला गेली, तर कळलं की विम्याच्या यादीत कोबीच नाही.

काढणीला आठ दिवस उरले असताना नदी शेतात शिरली आणि चार दिवस हलली नाही. पाणी ओसरलं तेव्हा गड्डे आतून सडायला लागले होते. त्याच आठवड्यात सरकारनं विमा नसलेल्या पिकांनाही मदत जाहीर केली. सिस्टर अर्ज घेऊन कचेरीत गेली.

"पंचनामा होईपर्यंत एकही गड्डा उपटू नका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पीक दिसलं नाही तर नुकसान कसं दिसणार?"

बावीस दिवस ते तसंच उभं राहिलं. पानांचा लगदा झाला. वास घरात आला, अंथरुणात आला, पाण्याच्या पेल्यालाही येऊ लागला. भाऊ भरल्या ताटावरून उठून जायचा.

मग एका संध्याकाळी शेजारी रिकामं पोतं घेऊन आला. त्याच्या रानात दोन वर्षं नुसतं गवत होतं.

"सिस्टर, थोडे सडके गड्डे देता का? पडूनच आहेत तुमच्याकडे."

"कशाला?"

"आमच्या रानात मांडतो. फोटोपुरते." तो हसला. "सगळेच करतात हो."

तिनं सरळ नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर रस्त्याकडच्या सहा ओळी साफ.

दोन दिवसांनी पाहणीचा कारकून आला. बांधावरून खाली उतरलाच नाही. रुमालानं नाक दाबून त्यानं मोबाइलवर फोटो घेतला.

"इकडचं पीक काढलेलं दिसतंय. विकलंत वाटतं?"

"चोरीला गेलं."

"सडका कोबी कोण चोरतं, बाई?"

ती त्याला शेजारच्या रानात घेऊन गेली. गुडघाभर गवतात तिचेच गड्डे ओळीनं मांडलेले होते. तिनं एकाला पायानं ढकललं. तो गडगडत बांधापर्यंत गेला.

कारकुनानं गड्ड्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "यांचा पंचनामा कालच झाला. शंभर टक्के. आता कशाला उकरून काढता? तुमचं मी निम्मं लिहितो. तक्रार केलीत तर फेरपाहणी लागेल. तोवर पीक असंच ठेवावं लागेल."

सिस्टरनं सही केली. दुपारी ती आणि भाऊ कोबी उपटायला लागले, आणि पहिल्याच ओळीत तिला भडभडून उलटी झाली.

"वासानं होतंय," भाऊ म्हणाला. "तू घरी जा."

"वासानं नाही," एवढंच ती म्हणाली आणि ओळ पुरी केली.

तीन महिन्यांनी निम्मी मदत खात्यात आली. शेजाऱ्याला पूर्ण मिळाली होती. बँकेच्या दारातच कारकून भेटला.

"मिळाले ना पैसे?"

"मिळाले. थँक्यू, साहेब," ती बोलून गेली.

भावाला हे सांगताना तिनं दोनदा चूळ भरली. "चोर तो शेजारी, लबाड तो कारकून," ती म्हणाली, "आणि साहेब कोण म्हणालं त्याला? मी."