ड्रोनवर गोफण

मित्रांनो, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

सोलापुरात ड्रोन उडवायचा म्हटलं की लगेच कुणीतरी 'चोर आले' म्हणून ओरडतं. वैतागून आज मंगळवेढ्याजवळ ज्वारीच्या रानात गेलो. सरकारी नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा. ड्रोन वर गेला आणि त्याच्या बाजूने सणकन दगड गेला. दुसरा आला तसा घाईघाईने खाली उतरवला.

रानातल्या माळ्यावर उभ्या राहून पाखरं हुसकावणाऱ्या एक मावशी गोफण घेऊनच आल्या.

"कुणाचं घर हेरतुयास रं?"

मी चिडलोच. "मावशी, सगळं नियमात आहे. चोर असतो तर दिवसाढवळ्या आलो असतो का? हे बघा तरी!"

आपल्या छंदाबद्दलचा गैरसमज दूर करायची हीच संधी, असं वाटलं. मोबाईलवर व्हिडिओ लावला.

मावशी खूश. "लई भारी दिसतंय की रान!"

मग व्हिडिओत त्यांची वस्ती आली. घरामागच्या आडोशावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "आमच्या न्हाणीला छप्पर न्हाय. सून आत्ताच आंगुळीला गेली व्हती."

पुढचं न बघता व्हिडिओ त्यांच्यासमोरच पुसला. तरी चैन नाही. घरी आल्यापासून तो नकाशा उघडून बघतोय. भाग अजून हिरवाच आहे.

ड्रोनवाल्यांनो, खरं सांगा, उडवण्याआधी तुम्ही खालच्या माणसांना विचारता का?

मी फक्त नकाशाला विचारलं होतं.